काट्याची वायर

वायर पुन्हा निघालेली होती.

कामिनी तान्ह्या चिमीला दूध पाजून मागच्या खोलीतून केबिनमध्ये आली आणि तिला झोळीत ठेवलं, तेव्हा स्क्रीनवर लाल ओळ लुकलुकत होती. पोर्ट सापडत नाही. खिडकीबाहेर कापसाची एक ट्रॉली वजनकाट्यावरून उतरून गंजीकडे निघाली होती.

"गिरधरभाऊ, वायर कोणी काढली?"

"कोन काढी? ढिली शे ती. निंघी जास."

"मी स्क्रू पिळून बसवली होती."

"मंग ट्रॉलीना हादरा बसना असीन." काट्यावर वजनं घेणारा गिरधर हसला आणि पाय लांब करून झोळीला झोका देऊ लागला. झोळी त्यानेच बांधली होती, काट्याच्या केबिनच्या कडीला, कापसाच्या धुतलेल्या बारदानाची.

नरडाण्याजवळच्या या जिनिंग मिलचा जुना कॉम्प्युटर काढून नवा बसवला होता. जुना विंडोजवर चालायचा, नवा लिनक्सवर. टेबलावरचं, काट्याला जोडलेलं वजनाचं यंत्र या वायरीतून कॉम्प्युटरच्या सिरियल पोर्टवर आकडा पाठवतं आणि स्क्रिप्ट, म्हणजे एक छोटा प्रोग्राम, तो वाचून पावतीवर आणि बाहेरच्या मोठ्या पाटीवर टाकते. ही स्क्रिप्ट नव्याला समजेल अशी करून देणं, एवढंच कामिनीचं काम. कामिनीने पोर्टचं नाव बदललं, वेग जुळवला, आकडा वाचणाऱ्या ओळी नव्याने लिहिल्या. पुढचा हिशोबाचा भाग मात्र होता तसा उचलला. मिलचे मालक भूपेंद्रशेठ पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "चालतंय त्याला हात लावू नका, ताई." मिलच्या रिकाम्या ट्रॉलीवर तिने तपासलं. यंत्राचा आणि पाटीचा आकडा जुळला.

शेठनी आणखीही एक सांगितलं होतं. हंगामभर काटा अडला नाही, तर मिलमधले सगळे कॉम्प्युटर तिच्या हाती, आणि चिमीला सोबत आणायला ना नाही. अडला, तर दुसरा माणूस. चिमी झाल्यापासून हे पहिलंच काम. जितेंद्र जळगावला पाइपच्या कारखान्यात, सुट्टीपुरता घरी. पोरीला कोणाकडे ठेवावी असं इथे कोणी नव्हतं.

आणि वायर निघत होती.

ती केबिनमध्ये बसलेली असताना निघत नव्हती. हे हळूहळू तिच्या लक्षात आलं. कापसाची भरलेली ट्रॉली फाटकात वळली की गिरधर तिला उठवायचा. "ताई, सरका, माले बसू द्या. पोरगीले घेई जा, धूळ उडी राही." किती काळजी, असं आधी वाटायचं तिला. आता वाटेना.

एकदा ती मागच्या खोलीत गेली, पण दार पूर्ण लावलं नाही.

"गिरधरभाऊ, कितलं वजन?" खालून कोणीतरी विचारलं. बाहेरची पाटी काळी पडलेली होती. गिरधरने खिडकीतून डोकं काढून आकडा ओरडून सांगितला आणि हातानेच टाइप केला.

"पक्कं ना, भाऊ?"

"अरे, मी शे ना आठे!"

खालचा माणूस समाधानाने हसला. गिरधरच्याच गावचा शेतकरी, पुना. त्याच्या मागची ट्रॉलीही त्याच गावची.

हाताने टाकलेला आकडा कोण तपासणार? वाढवून टाकला तरी कोणाला कळणार?

दुपारी तिने शेठना सहज विचारल्यासारखं विचारलं.

"जुन्या कॉम्प्युटरलाही हाच रोग," शेठ म्हणाले. "दिवाळीपासून. गिरधर म्हणे, म्हातारा झाला शे. म्हणून तर नवा घेतला. आता नव्यालाही तेच?" ते तिच्याकडे बघत राहिले. "की तुमचं काम कच्चं?"

 केबिनमध्ये परत येऊन तिने स्क्रिप्टमध्ये चार ओळी वाढवल्या. वायर निघाली की शेठच्या मोबाइलवर त्याच क्षणी निरोप जावा.

गिरधर झोका देता देता बघत होता. "ताई, ते जुन्या स्क्रिप्टमधलं बठ्ठं वाचं का तुम्ही?"

"सगळं कशाला? जे चालतं ते तसंच उचलायचं."

 त्याने झोळीवरची माशी हाकलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॉली आली. तो म्हणाला, "पोरगीले घेई जा." ती गेली. चिमीच्या जावळात नाक खुपसून बसून राहिली. थोड्याच वेळात शेठची गाडी अंगणात करकचून थांबली.

शेठ केबिनमध्ये शिरले, तेव्हा वायर गिरधरच्या हातात होती.

आरडाओरडा झाला नाही. "गिरधर, पिशवी उचल," शेठ एवढंच म्हणाले. गिरधरने डबा उचलला, टोपी घातली. कामिनी चिमीला खांद्यावर घेऊन दारात उभी होती. तिला वाटलं, शिव्या देईल. तो झोळीकडे बघून हळू म्हणाला, "ऱ्हाऊ द्या ती. पोरगीले सवय व्हयेल शे."

फाटकापर्यंत त्याने मागे पाहिलं नाही. कामिनीला रडू आलं. मग तिने स्वतःलाच दटावलं. चोर तो चोर.

"आता काटा तुम्हीच बघा," शेठ म्हणाले. त्यांनी वायर स्वतःच्या हाताने बसवली, स्क्रू पिळले.

पुढची ट्रॉली काट्यावर चढली. शिगोशीग कापूस. बाहेरची पाटी लाल उजळली. कामिनी पहिल्यांदाच भरल्या ट्रॉलीच्या वेळी त्या खुर्चीत बसली होती. यंत्रावरचा आकडा थरथरला, थांबला. एक्कावन्न क्विंटल वीस. तिने पाटीकडे पाहिलं. पन्नास ऐंशी.

 तिने वायर चाचपली. घट्ट होती. दोन्ही आकडे पुन्हा वाचले. तेच.

"शेठ," ती दबक्या आवाजात म्हणाली, "माझंच काहीतरी चुकलंय. जुना हिशोबाचा भाग मी न वाचताच उचलला. पाटी चाळीस किलो कमी दाखवतेय."

शेठनी झोळीतल्या चिमीला एक झोका दिला.

"काही चुकलं नाही, ताई. दिवाळीनंतर आज पहिल्यांदा बरोबर चाललंय."