विमान टाळलं

समुद्रातून वर आल्यावर स्कूबाच्या प्रशिक्षकाने सगळ्यांना बजावलं, "तळाशी असताना अंगात नायट्रोजन मुरलाय. उद्यापर्यंत विमानात बसू नका, नाहीतर रक्तात बुडबुडे धरतील."

आमचे भाऊजी परदेशातल्या त्या उंच डोंगरांच्या बेटावरच एका विमा कंपनीत जोखीम विभागाचे प्रमुख. नियम म्हटला की त्यांना चेव येतो. त्यांनी ओल्या अंगानेच संध्याकाळची तिकिटं रद्द केली.

ताई म्हणाली, "अहो, मग आजची रात्र इथेच राहू की."

"उद्या सकाळी माझं अपघात टाळण्यावर भाषण आहे. टॅक्सीने जाऊ. जमिनीवरून जायला कोणाच्या बापाची भीती?"

घाट चढताना भाऊजी ड्रायव्हरला विमानप्रवासाचे धोके समजावून सांगत होते. माथ्यावर उतरून त्यांनी ढगांसोबत फोटोही काढून घेतला. फोटोसाठी उंचावलेला हात खाली घेताना खांद्यातून कळ गेली, मग बोटांना मुंग्या आल्या आणि पाय लटपटायला लागले. टॅक्सी घराऐवजी थेट इस्पितळात गेली. तिथे भाऊजींना दाब वाढवायच्या लोखंडी चेंबरमध्ये आडवं केलं.

बाहेर डॉक्टरांनी ताईला विचारलं, "घाटाने आलात? अहो, तो माथा अकरा हजार फुटांवर आहे. विमानात आतली हवा फार तर आठ हजार फुटांवरच्या इतकी विरळ होऊ देतात. त्यापेक्षा विमान परवडलं असतं!"

ताईने काचेतून आत एकदा बघितलं.

"डॉक्टर, हे तुम्ही नका हं सांगू त्यांना. ठणठणीत बरे होऊ देत, मग मी सांगते."