प्लगमधलं अंतर

"ऑइल गरम असतानाच काढा हं," बाई म्हणाल्या. "थंड झालं की घाण तळाशी बसून राहते."

"इंजिन पाच मिनिटं चालवून घेतलंय," मिस्त्री गाडीखालून म्हणाले.

बाई पत्र्याच्या शेडमध्ये खुर्चीवर बसल्या होत्या. खुर्चीवर उशी होती. दुखरा गुडघा लांब करता यावा म्हणून समोर एक खोकं उलटं मांडलेलं होतं. गिऱ्हाइकाची एवढी बडदास्त ठेवणारं गॅरेज त्यांनी पाहिलं नव्हतं. भिंतीवर प्रत्येक पान्ह्याची आकृती खडूने काढलेली होती, कंपासने आखावी इतकी नेटकी, आणि पान्हे आपापल्या आकृतीत टांगलेले होते.

गाडी त्यांचीच. छोटी, राखाडी, पेट्रोलवरची. बावीस वर्षं तिची सगळी कामं त्यांनी स्वतः केली. आता गुडघा वाकत नव्हता, म्हणून परक्याच्या हाती द्यावी लागली.

"किती वेळ लागेल?"

"तासभर."

"तासाचे दोन करू नका. आमचे हे घरी एकटेच आहेत. मी दिसले नाही की कावरेबावरे होतात, जेवतसुद्धा नाहीत. मला जेवायच्या आत पोचायलाच हवं."

"पोचवतो. शब्द आहे माझा."

तसराळ्यात ऑइल उतरलं. बाई वाकून बघू लागल्या. मधासारखं स्वच्छ होतं.

"हे इतक्यात बदलायला हवं होतं का?"

"वेळच्या वेळी केलेलं बरं," मिस्त्री म्हणाले आणि तसराळं बाजूला सरकवलं.

"आता तो नट आधी हाताने..."

बाईंचं वाक्य पुरं व्हायच्या आतच मिस्त्रींची बोटं नट फिरवत होती. तो बसल्यावरच त्यांनी पान्हा घेतला, आणि एकदाच आवळून सोडून दिला. फिल्टरच्या रबरी कडेला बोटभर नवं ऑइल चोळलं. एअर फिल्टर उलटा धरून हलकेच ठोकला, लहान मुलाच्या पाठीवर थोपटावं तसा. मग एकेक प्लग काढून, घासून, त्यात पातळ पट्टी घालून पाहिली.

"अंतर किती ठेवता?" बाईंनी मुद्दाम विचारलं.

"शून्य पॉइंट आठ."

बाईंच्या भुवया वर गेल्या. त्याही नेमकं तेवढंच ठेवत. "मिस्त्री, शिकलात कुणाच्या हाताखाली?"

"एका बाईंच्या."

"अगबाई! कडक होत्या?"

"विचारू नका. जास्त आवळलं की पाठीत धपाटा. 'आटे गेल्यावर अक्कल येऊन उपयोग नाही,' म्हणायच्या."

बाई खळखळून हसल्या. "शहाणी होती हो बाई! मीही हेच सांगत आले. आमच्या ह्यांना किती शिकवलं! जन्मभर शाळेत भूमिती शिकवली, पण पान्हा धरायचे तो उलटा. पालथ्या घड्यावर पाणी."

"शिकतील हळूहळू."

"आता कसले शिकतात! केस पिकले."

मिस्त्रींनी चष्मा काढून बाहीला पुसला. मग थर्मासमधून कपभर चहा ओतला आणि अर्धा चमचा साखर घालून पुढे केला. बाईंना अर्धाच चमचा लागत असे. मिस्त्रींना कसं कळलं?

"किती वेळ लागेल हो?" त्यांनी विचारलं. "आमचे हे घरी एकटेच आहेत."

"पोचवतो," मिस्त्री पहिल्यासारख्याच आवाजात म्हणाले. "शब्द आहे माझा."

त्यांनी ब्रेक पाहिले, कूलंटची पातळी पाहिली, चारी चाकांची हवा मोजली. बाई बघत राहिल्या. चहा निवत होता. हे काम त्यांनी शेकडो वेळा केलं होतं, पण ते इतकं देखणं असतं हे कधी ध्यानात आलं नव्हतं. एक हालचाल फुकट नाही, एक स्क्रू जमिनीवर नाही. जणू त्यांचेच जुने हात कुणीतरी जपून ठेवले होते आणि आज बाहेर काढले होते.

मिस्त्रींनी त्यांना हाताला धरून गाडीत बसवलं. सीट गुडघ्याला हवी तेवढी आधीच मागे सरकवलेली होती. गाडी शेडबाहेर पडली. बेकरी, शाळा, टपालपेटी, आणि प्रत्येक ठिकाणी डावं वळण.

"आवाज ऐका," मिस्त्री म्हणाले.

बाईंनी डोळे मिटले. "वा! श्वाससुद्धा ऐकू येईल इतका शांत. जादू आहे हो तुमच्या हातात."

चौथ्या वळणानंतर गाडी थांबली. बाईंनी डोळे उघडले.

"आलं घर! आमच्याकडेही शेड आहे बघा, थेट तुमच्यासारखी." शेडचं दार उघडंच होतं. आत उशीची खुर्ची होती, आणि खोक्यावर अर्धा कप चहा. "आत या, मिस्त्री. आमच्या ह्यांना भेटा. त्यांनाही कळू दे, हात कसा असावा."

त्या दुखरा पाय ओढत लगबगीने पायरी चढल्या आणि थबकल्या. दाराला कुलूप होतं.

"अहो, हे कुठे गेले?" त्यांनी कुलूप ओढून पाहिलं. "एकटे कुठे जात नाहीत ते!"

मिस्त्रींनी हात पँटला पुसले, खिशातून किल्ली काढली आणि घराचं कुलूप उघडलं.