हैबतीचा उजवा हात

“हैबतीचाबी उजवा हात गेलाय,” पदू म्हणाला. “आजपासून.”

टेबलाभोवतीच्या तिघांनी माना खाली घातल्या. मोहोपाड्याच्या स्टाफ कॉलनीत, स्वप्नीलच्या घरी, रविवारी दुपारी हा खेळ चाले. प्रत्येकाचं एक पात्र, त्याचे गुण नियमांच्या पुस्तकाप्रमाणे कागदावर आकड्यांत मांडलेले. स्वप्नील सूत्रधार. तो प्रसंग उभा करी, खेळणारा आपलं पात्र काय करतं ते सांगे, आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवी. फाशावर पडेल त्यात पात्राचा आकडा मिळवायचा. हैबती हा पदूचा तलवारबाज. तलवारीला त्याचे सात, आणि एवढे टेबलावर दुसऱ्या कुणाचेच नव्हते.

उन्हाळ्यात साजगावच्या एका कारखान्यात पदूचा उजवा हात मशीनमध्ये गेला. मनगटापासून. त्यानंतर तो आज पहिल्यांदाच खेळायला आला होता. जिन्यात त्याच्या बायकोनं, माधवीनं, स्वप्नीलला हळूच सांगितलं होतं, “घरात बोलत नायत, भाऊजी. काय करायला गेलं की झिडकारतात. तुमच्यात तरी बसू देत.”

तो पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून आला होता. बाकीची बटणं डाव्या हातानं कशीबशी लावलेली. पण डाव्या बाहीचं बटण लावायला उजवाच हात लागतो. ती बाही उघडी लोंबत होती. चहात बुडाली, फाशांवरून फरफटली. सगळ्यांनी पाहिलं आणि सगळे तोंडात मिठाची गुळणी धरून बसले.

“गेला तर गेला,” स्वप्नील घाईघाईनं म्हणाला. “तलवार डाव्या हातात दे. आकडा तोच, सात. सोंग आपलं, आकडे पुस्तकाचे.”

हा त्यांचा जुना करार. चौथा गडी राजेश, त्याला घोड्याऐवजी रेडा हवा होता. रेडा मिळाला, पण धावायचा घोड्याच्याच आकड्यानं. माधवीची जादूगारीण अग्निबाणाऐवजी मिरच्यांची धुरी सोडायची, शत्रूचं नुकसान मात्र बाणाएवढंच. रूप हवं तसं रंगवा, नियमाला हात लावायचा नाही. या करारानं आजवर सगळ्यांना हसवलं होतं. आज त्यानं पदूला सांभाळून घ्यावं, असं स्वप्नीलला मनापासून वाटत होतं.

खेळात घाट लागला. दरोडेखोर आडवा आला. पदूनं डाव्या हातानं फासा टाकला. नऊ. नऊ आणि सात सोळा, हवे होते चौदा.

“पडला गडी,” राजेश म्हणाला, जरा जास्तच मोठ्यानं.

पदू हसला नाही. “सात कुठनं आले रं?”

“पुस्तकात तेवढेच…” स्वप्नील म्हणाला.

“ह्याला म्यानातनं तलवार उपसायची पंचाईत हाय, आन् तू ह्याला सात देतोस. दवाखान्यातबी हेच म्हनलास, काय बदललं नाय, पदू. सायबबी तेच म्हनले. हुद्दा तोच, फकस्त गेटवर बसायचं. सगळं बदललंय, स्वप्न्या. ह्या कागदावर तरी तसं लिही.”

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही, म्हणतात. हाताचंही येत नाही, हे स्वप्नीलला आज कळलं, आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

“मरेल रे हैबती,” तो म्हणाला.

“मरू दे. पन त्याचा त्यो मरू दे.”

स्वप्नीलनं खोडरबर घेतलं. सात पुसले. जरा थांबून तिथं एक लिहिला. नऊ आणि एक दहा. दरोडेखोर उभाच राहिला, आणि हैबती त्याच्या पायाशी आडवा झाला. आणखी चार मिळाले नाहीत, तर तो संपला.

“मदतीचा नियम हाय ना?” माधवीनं विचारलं.

होता. साथीदारानं सहा बाजूंचा छोटा फासा टाकायचा आणि पडेल ती भर घालायची. पण अडलेल्यानं ती स्वतःच्या तोंडानं मागायची. मागितल्याशिवाय कुणाला देता येत नव्हती. राजेश त्याला ‘अडला हरी’चा नियम म्हणे आणि बाकीचे हसत. इतक्या वर्षांत हैबतीनं तो कधी वापरला नव्हता. सात असलेला माणूस कशाला कुणापुढे तोंड वेंगाडेल?

माधवीनं छोटा फासा मुठीत घेतला. “तुमी मागा,” ती नवऱ्याला म्हणाली. “मागितल्याबिगर मला टाकता येत नाय.”

पदू कागदावरच्या त्या एकाकडे बघत राहिला. माधवीची मूठ तशीच टेबलावर होती. हा आता उठणार, आणि या घरात पुन्हा पाऊल टाकणार नाही, असं स्वप्नीलला वाटलं. नियम नियम करत आपणच मित्र घालवला.

“मागतो,” पदू म्हणाला.

राजेशनं सुस्कारा सोडला. माधवीनं फासा टाकायला हात उचलला. पदूनं मान हलवली. त्यानं आपला डावा हात टेबलावरून तिच्यापुढे सरकवला. चहानं ओली झालेली बाही मनगटावरून लोंबत होती.

“फासा मागनं टाक गं,” तो म्हणाला. “आदी हे बटन लाव.”