कोऱ्या नाण्यांचा हट्ट

"हे सगळं घे आणि मला कोरी नाणी दे," असं म्हणत मास्तरांनी कापडी पिशवी काउंटरवर ठेवली.

दुकानदाराने पिशवीत डोकावून पाहिलं. मास्तरांचा चाळीस वर्षांचा संग्रह होता. एकूण एक नाणं वापरातलं, हजारो हातांतून फिरून गुळगुळीत झालेलं.

"मास्तर, तिसऱ्यांदा येताय. तिसऱ्यांदा सांगतो, असं करू नका."

"मग चौथ्यांदा येईन. सून कंटाळेल, मी नाही."

सून त्यांचा हात धरून त्यांना पायऱ्या उतरवून, खुर्चीवर बसवून, दार लोटून बाजारात गेली होती. या वयात गुडघे कुरकुरायचेच.

दुकान तळघरात होतं. खिडकी नाही. कागदी पाकिटं उडतात म्हणून पंखाही नाही. काउंटरवर मान वाकवून उभा असलेला टेबलदिवा, एवढाच उजेड. त्याचाही बल्ब दोन दिवस डोळे मिचकावत होता.

दुकानदार दहा वर्षांचा असताना याच मास्तरांनी वर्गात तीन नाणी मांडली होती. "हे सासरी नांदलेलं," ते म्हणाले होते. "झिजलंय, पण जग बघून आलंय. हे दुसरं कोरं, माहेरीच राहिलेलं. टाकसाळीतून निघालं ते थेट पाकिटात, बाजाराचं तोंडच पाहिलं नाही. आणि हे तिसरं, प्रूफ. हे फोटोपुरतं नटवलेलं. आरशासारखं लखलखीत, पण डबीतून बाहेर काढायचं नाही. बोला, कुणाला कोणतं हवं?"

सगळा वर्ग तिसऱ्यासाठी ओरडला. फक्त त्याने, मास्तरांच्या ढब्बूने, पहिल्याकडे बोट दाखवलं. मास्तरांनी ते नाणं त्याच्या मुठीत ठेवलं आणि मूठ बंद केली. त्या मुठीतूनच पुढे हे दुकान उभं राहिलं.

आणि आता तेच मास्तर कोऱ्या नाण्यांसाठी हटून बसले होते.

"लोक म्हातारपणी देवाच्या नादी लागतात. तुम्ही चकाकीच्या लागलात."

"चकाकी तू ठेव, ढब्बू. मला नाणं हवंय."

दुकानदाराने चरफडत कोऱ्या नाण्यांचा ट्रे समोर ठेवला. "भिंग आणलं नाहीत?"

"राहिलं घरी."

त्याने स्वतःचं भिंग पुढे सरकवलं. मास्तरांनी त्याला हातही लावला नाही. ट्रेमधलं एक नाणं उचललं आणि त्याच्या तोंडावरून सरळ अंगठा फिरवला.

"मास्तर! अहो, कडेला धरा! ठसा उमटला की डाग जन्माचा. हातावर पट्टी मारून तुम्हीच शिकवलंत ना?"

"बरोबरच शिकवलं," मास्तर म्हणाले. अंगठा फिरतच होता. तोही नाण्याकडे न बघता, समोरच्या भिंतीकडे तोंड करून, एखाद्या शेठजीने भाजी निवडावी तसा.

मग त्यांनी प्रूफ नाणं मागितलं. हातात येताच म्हणाले, "याची डबी फोड."

"फोडली की मोल निम्मं!"

"बंद डबीतलं नाणं माझ्या काय कामाचं?"

दुकानदाराने कपाळावर हात मारला. पिशवीत हात घालून त्याने एक नाणं काढलं आणि मास्तरांच्या तळव्यावर आपटलं. "आणि हे जहाजवालं? यासाठी दोन दिवस प्रवास केला होतात. आठवडाभर आम्हाला त्याच्या गोष्टी सांगितल्यात. तेही देऊन टाकायचं?"

मास्तरांनी ते बराच वेळ चाचपलं. "यावर जहाज उरलं नाही रे."

"आहे की! शीड आहे, डोलकाठी आहे, खाली लाटासुद्धा आहेत!"

"असेल," मास्तर म्हणाले आणि नाणं त्यांनी पिशवीत सोडलं.

दुकानदाराचं डोकं सणकलं. खालच्या खणात त्याच्याकडे एक नाणं होतं. महिनाभर बाजारात फिरून आलेलं, पण कुणीतरी घासूनपुसून असं चमकवलेलं, की भिंगाशिवाय भलेभले फसावेत. त्याने ते हळूच दुसऱ्या ट्रेमध्ये मिसळलं. मास्तर यालाही कोरं म्हणाले, तर त्यांना यातलं काही कळेनासं झालंय हे उघड होतं. मग पिशवी त्यांच्या हातात द्यायची आणि सून आली की घरी पाठवायचं. पुन्हा या विषयावर एक शब्द नाही.

"हं, निवडा," त्याने ट्रे पुढे केला. "कणसाच्या छापाची आहेत. सगळी कोरी."

मास्तरांनी पहिलं उचललं. "हे ठेव." दुसरं उचललं. "हेही."

तेवढ्यात बल्ब गेला. आवाज न करता, फुंकर मारल्यासारखा. तळघरात डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख झाला. दुकानदार हातातला तिसरा ट्रे तसाच धरून जागच्या जागी थबकला. पाऊल टाकलं तर सगळी नाणी जमिनीवर जायची.

काळोखात नाण्यावर नाणं ठेवल्याचा आवाज आला.

"हे ठेव. हे ठेव. हे नको. याच्या कणसाची टोकं बोथट झालीत, आणि कुणीतरी घासलंयसुद्धा. हे नांदून आलेलं आहे, लबाडा. माझी परीक्षा घेतोस?"

दुकानदाराने हातातला ट्रे छातीशी घट्ट धरला.

"गप्प का झालास? रागावलास? पुढचा ट्रे दे."

"मास्तर," दुकानदार कसाबसा म्हणाला, "दिवा गेलाय."

नाण्यांचा आवाज थांबला.

"कधी?" मास्तरांनी विचारलं.