जिन्यातली देवी

जिन्याच्या वळणावर, भिंतीतल्या शिल्पातली बाई कणसांची पेंढी घेऊन उभी होती आणि तिच्या पायांवर पानाची ताजी पिंक ओघळत होती. नगरपालिकेच्या जुन्या इमारतीतल्या शिल्पांच्या जतनावर इंटर्नशिप करणारी शाल्मली तक्रार घेऊन हेडक्लार्क कुरणेकाकांकडे गेली. "बघतो," तोंडातलं पान सांभाळत काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अंबाबाईची मनोमन क्षमा मागून, कचेरी उघडताच तिने शिल्पाखालच्या पायरीवर हळदकुंकू वाहिलं आणि जास्वंद ठेवली. दुपारी तिथे कुणीतरी नारळ फोडला. थुंकणं थांबलं.

पण शुक्रवारी कुरणेकाका शेंदूर नि तेल घेऊन हजर. "देवीला जरा तेज आणू या."

शाल्मली आडवी आली. "थांबा काका, हिचं व्रत फार कडक. तेल, पाणी, शेंदूर काही चालत नाही. मऊ कोरड्या फडक्याने हलकेच पुसायचं, तेही पान न खाणाऱ्याने."

काकांनी पानाचा डबा शिपायाच्या हाती दिला आणि फडकं मागितलं.

शाल्मलीचं काम तपासायला विद्यापीठातल्या बाई आल्या, तेव्हा काकांनी त्यांना चपला काढायला लावून व्रताचे सगळे नियम ऐकवले. बाईंनी शिल्प निरखलं, मग शाल्मलीकडे रोखून पाहिलं. इंटर्नशिपचं प्रमाणपत्र गेलंच, असं समजून तिने मान खाली घातली.

"नियम अगदी शास्त्रशुद्ध आहेत हो," बाई काकांना म्हणाल्या आणि शाल्मलीच्या कानाशी वाकल्या. "या देवीला एखादी बहीण आहे का गं? आमच्या विभागाच्या जिन्यालाही हवी आहे."