दार कुणाचे, कोण उभा

माळ्यावरून पुन्हा गुणगुण आली, तशी तिने झाडू उलटा धरून छताला ठोकला. गुणगुण थांबली.

"तुमचा गळा एक दिवस तुम्हाला खाणार," शिडीवर चढून ती कुजबुजली. "आणि आम्हालाही."

"काय करू, ताई? गळा माझं ऐकत नाही," गवई ओशाळून म्हणाला. "मीच जन्मभर त्याचं ऐकत आलो."

खाली तिचा नवरा मांडीवर ढोल घेऊन कातडं ताणत बसला होता. वाद्यं दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. गवयाचीही वाद्यं वर्षानुवर्षं त्याच्याकडेच यायची, म्हणून दंगलीत तो जीव मुठीत धरून पळाला तो थेट इथे. "अहो, आपण टेकडीवाले, हा नदीवाला. डोकं ठिकाणावर आहे ना?" असं म्हणत तिने नवऱ्याला फैलावर घेतलं होतं. आणि मग तिनेच माळ्याला शिडी लावली होती.

त्या पवित्र शहरात झरा एकच. टेकडीवाले म्हणत, तो आमच्या संताच्या पावलाने फुटला. नदीवाले म्हणत, आमच्या. पहाटेची पहिली प्रार्थना कुणाची, यावरून पिढ्यान्‌पिढ्या डोकी फुटत आली होती. या खेपेला नदीवाल्यांच्या वस्त्याच जळाल्या.

नदीवाल्यांचा सगळा धर्म गाण्यात. गवई उभा राहून गात गात देवाच्या गोष्टी सांगायचा. मध्येच अर्धी ओळ सोडायचा आणि उरलेली अर्धी अख्खी सभा उचलायची. म्हातारेकोतारे, कडेवरची पोरंसुद्धा. त्यात विचार करावा लागत नसे. हाक आली की ओ जाते, तसं ते व्हायचं.

समोरच्या घरातल्या मुकादमाने त्याचाच सापळा केला होता. संशय आला की तो माणसं घेऊन दारात उभा राहायचा आणि गोड आवाजात म्हणायचा, "दार कुणाचे, कोण उभा?" आत लपलेल्या कुणाच्या तरी तोंडून नकळत उत्तर जायचं. पुढचं काम कुऱ्हाडीचं.

मुकादमाची आग जुनी होती. आधीच्या एका दंगलीत त्याच्या आईचं माहेर समूळ संपलं होतं. तिच्या लग्नात माहेरचं एक माणूस नव्हतं. कुणी मारलं, हे विचारायची कुणाला गरज वाटली नव्हती. टेकडीवाल्यांना दुसरं कोण मारणार?

त्या दिवशी दुपारी ती नेहमीप्रमाणे मुकादमाच्या आईला भरवायला गेली. झटका आल्यापासून काकूंची वाचा गेली होती. डोळे तेवढे बोलायचे. पूर्वी वस्तीच्या भिंतीपलीकडून नदीवाल्यांचं गाणं आलं की त्या डोळ्यांना धार लागायची आणि मुकादम दात-ओठ खायचा. "बघा, अजून विसरली नाही."

तो आला आणि आईची हनुवटी हलक्या हाताने पुसत म्हणाला, "वहिनी, हल्ली पाणी फार भरता."

"कातडं भिजवायला लागतं ना, भाऊजी."

"हो, ते आहेच म्हणा."

तिने विषय बदलला. "ती ओळ तुम्हाला इतकी सुरात कशी येते हो?"

"कोण जाणे. लहानपणापासून डोक्यात आहे. कुठेतरी कानावर पडली असेल." तो हसला. "संध्याकाळी आपल्या गल्लीत येतोय. घरची माणसं म्हणून सोडलं असं कुणी म्हणायला नको. पण वहिनी, उत्तर आलं तर घर कुणाचं ते मी बघणार नाही."

तिने रिकामी वाटी उचलली आणि घर गाठलं.

माळ्यावर हे ऐकून गवई पांढराफटक पडला. "माझ्या तोंडात बोळा कोंबा. वर फडकं बांधा. ती ओळ ऐकून गप्प राहणं म्हणजे शिंक दाबण्यासारखं आहे, ताई." मग बोळा हातात धरून तो थबकला. "आमची ओळ शेवटाला जराशी हिंदकळते. पाळण्यात ऐकली असेल तरच साधते, बाहेरच्याला नाही. तुमच्या मुकादमाची मात्र, परवा पलीकडच्या गल्लीतून ऐकू आली तेव्हा, अगदी तशी हिंदकळत होती. नवल आहे."

"नवल मग करा. तोंड उघडा आधी."

दिवस कलला. मुकादमाने रोजच्यासारखं आईला उचलून आपल्या दारातल्या खुर्चीत बसवलं, पायांवर पांघरूण घातलं आणि गल्ली ओलांडली. गल्ली अरुंदच होती. इकडे शिंकलं की तिकडून विचारपूस व्हायची. मागे माणसं कुऱ्हाडी घेऊन उभी राहिली.

दार उघडंच होतं. नवरा मान खाली घालून दोरी आवळत होता. ती शिडीपाशी उभी होती. माळ्यावर एक फळी करकरली.

"उंदीर," ती म्हणाली.

"बघू या," मुकादम म्हणाला आणि त्याने सूर लावला. "दार कुणाचे, कोण उभा?"

काही नाही. त्याने ओळ पुन्हा म्हटली, अधिक सावकाश, जणू कुणाला झोपवतोय.

आणि उत्तर आलं.

तिचे डोळे गच्च मिटले. पण कुणी शिडीकडे धावलं नाही. तिने डोळे उघडले, तर सगळ्यांच्या पाठी तिच्याकडे होत्या.

समोरच्या दारात, खुर्चीत, काकू मांडीवर बोटांनी ठेका धरून गात होत्या. शब्द न्‌ शब्द स्वच्छ, आणि शेवटाला ओळ अलगद हिंदकळत होती.

"दार तुझे रे, तूच उभा."