एका पहाटेची आंब

हर्षालीने फडकं दोरीवर टाकलं, चार चिमटे लावले आणि दोन पावलं मागे सरून पाहिलं. काय पांढरंशुभ्र निघालं होतं! निळीतून काढल्यावर तर दृष्ट लागावी असं. गोठ्याच्या खुंटीवर इतके दिवस पिवळं, पापडासारखं कडक होऊन लटकत होतं, आणि घरात कुणाला त्याचं काही नाही.

"अगं बया! आंबीचं फडकं धुतलं का काय तू?" मागून सासूबाई, नवसाबाई, जवळजवळ किंचाळल्याच.

मग हर्षालीला कळलं. थंडी पडली की तिचे सासरे, चिमाजीआबा, रोज पहाटे ते जुन्या धोतराचं पान हरभऱ्यावर पसरत. पाल्यावरचं आंबट दव त्यात मुरायचं. कापड सावलीत वाळवायचं, दुसऱ्या पहाटे पुन्हा पसरायचं. अशा आठ पहाटा झाल्या की शेवटच्या दिवशी ओलंच पिळायचं, म्हणजे बाटलीभर दाट आंब निघायची. मग वर्षभर कुणाचं पोट दुखो, कुणाला अजीर्ण होवो, अख्खी वस्ती चमचा-चमचा मागायला आबांच्या दारात. आज सातवी पहाट झाली होती, उद्या पिळायचं होतं.

"पुन्हा पसरू की उद्यापासून," हर्षाली म्हणाली.

"कशावर? उद्या शेखर अळीचं औषध मारतोय हरभऱ्यावर. एकदा ते पडलं की त्या पाल्याची आंब पोटात घ्यायची का? झालं, गेलं औंदाचं साल." नवसाबाईंनी दोरीवरचं फडकं ओढून काढलं, हुंगलं आणि साबणाच्या वासाने नाक मुरडलं. "फौजीची पोर तू. दिसलं की धुतलं! तू आपलं घरातलं बघ बाई. वावराकडं काय फिरकू नको."

आबा पाठ करून चहा प्यायले आणि निघून गेले. त्यापेक्षा दोन शब्द बोलले असते तर बरं, असं तिला वाटलं.

पण खरं झोंबलं ते सासूबाईंचं शेवटचं वाक्य. देवळाली कॅम्पातल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये वाढलेली ती. चांदवडकडचं, शेतीवालं स्थळ आल्यावर मैत्रिणींनी नाकं मुरडली, आणि हिने मात्र शेती आहे म्हणूनच होकार दिला होता. लग्नाला चार महिने झाले, आणि अजून हिच्या हातात कुणी खुरपं द्यायला तयार नव्हतं. आता तर दारच बंद. भांडी घासता घासता डोळे भरून आले. भरले तसे तिने ते कोपराने पुसले, कारण डोक्यात काहीतरी वळवळायला लागलं होतं.

"आई, आबा एकच फडकं का पसरतात?"

"का म्हणजे? पहिल्यापासून एकच पसरतात."

"एक फडकं आठ पहाटा. मग आठ फडकी एका पहाटे पसरली तर?"

नवसाबाईंच्या हातातली भाकरी क्षणभर थांबली. "पातळ निघंल की ती!"

"उन्हात आटवू."

"शाणीच हाय!" नवसाबाई म्हणाल्या आणि भाकरी तव्यावर टाकली.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत हर्षाली निघाली. खांद्यावर आबांची दोन जुनी धोतरं फाडून केलेली चार पानं, स्वतःच्या तीन सुती ओढण्या आणि नवऱ्याचं, शेखरचं, उपरणं, सगळी नुसत्या पाण्यातून काढलेली. शेखर गोधडीतून पुटपुटला, "कुठं चालली एवढ्या थंडीची?"

"वावरात. आणि नऊच्या आत फवारणीच्या पंपाला हात लावलास ना, तर बघ!"

हरभरा दवाने पांढरा झाला होता. पहिलं फडकं पसरलं, तेव्हाच बोटांच्या चिरांत अशी आग झाली की तोंडातून 'स्स्‌' निघालं. तिने हात झटकले आणि दुसरं पसरलं. तिसऱ्याला पाठीमागून आवाज आला.

"अशी दाबू नको, पाला मोडतोय. वरून नुसतं थोपट."

नवसाबाई पदर खोचून उभ्या होत्या. त्यांनी उरलेली फडकी हर्षालीच्या खांद्यावरून ओढली आणि पलीकडच्या सरीला लागल्या. थंडीने दोघींचे दात धड एकावर एक टेकत नव्हते. फडकं भिजलं की पातेल्यात पिळायचं आणि पुढच्या कोऱ्या पाल्यावर टाकायचं. सूर्य डोंगरावर आला तेव्हा पातेलं काठोकाठ होतं. हर्षालीने बोट चाटलं आणि तिचा सगळा चेहरा आक्रसला. ते पाहून नवसाबाई पोट धरून हसल्या.

त्या दिवशी ती आंब परातीत ओतून घराच्या पत्र्यावर उन्हात ठेवली होती, वर मलमल बांधून. आबा शिडीजवळून तीनदा उगाच गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटी शिडी चढलेच. बोट बुडवलं, जीभ टाळ्याला लावून टच्‌ केलं, आणि उतरून बाटली गरम पाण्याने धुवायला लागले.

चार दिवसांनी शेजारच्या सिंधुबाई पोट धरून अंगणात आल्या. हर्षाली घरालगतच्या कांद्यात होती, पायाला गार चिखल आणि हातात फावडं. पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवताना तिला बोलणं ऐकू येत होतं.

"आबा, कालपासून पोट लय धरलंय. चमचाभर आंब द्या की."

"मला काय मागती?" आबा ओट्यावरून म्हणाले. "ती सूनबाईची हाय. बस जरा, एवढे वाफे भरून होऊ दे तिचे."